‘उत्पादन’ नव्हे, विक्री

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतून आमच्या वर्गात विद्यार्थी येतात. खाणींचा विषय निघाला की वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, खाणी सुरू करा. दुसरा म्हणतो, बंदच ठेवा. आमचे भांडण दोघांच्याही शब्दांशी आहे. सुरू आणि बंद दुकान होते, कारखाना होतो. इथे प्रश्न वाडवडिलोपार्जित चीजवस्तू विकायची की नाही, विकायची तर कोणत्या भावाने आणि आलेल्या पैशाचे करायचे काय, हा आहे.

वारसा कोणाचा, हे आधी पाहू. पोर्तुगीज अमदानीत खाणींच्या सनदा बेमुदत दिल्या गेल्या, त्या वारसांकडे जात राहिल्या आणि डोंगराच्या पोटातले लोहखनिज ही मोजक्या घराण्यांची घरची मिळकत होऊन बसली. १९८७ साली संसदेने कायदा करून या सनदा मोडीत काढल्या व त्यांचे भाडेपट्टे केले. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने खनिजे हा सामायिक वारसा असल्याचे आणि राज्यसंस्था केवळ विश्वस्त असल्याचे मान्य केले. म्हणजे वारस आपण सगळे, आणि अजून न जन्मलेलेही.

आता सरकारी अंदाजपत्रक उघडावे. खनिजाची रॉयल्टी तिथे ‘करेतर महसूल’ म्हणून महसुली जमेत बसलेली आढळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी बहुमताने निर्वाळा दिला की रॉयल्टी हा कर नव्हे, तो पट्टेदाराने खनिजाच्या हक्कापोटी द्यावयाचा मोबदला आहे. मोबदला म्हणजे किंमत. आणि किंमत घेऊन वस्तू जाते तेव्हा मराठीत त्याला विक्री म्हणतात. गोवा फाउंडेशन ही संस्था वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे. हिशेबनीस मात्र मुद्दलाला उत्पन्न म्हणतात आणि वृत्तपत्रे ‘खनिज उत्पादन वाढले’ असे मथळे देतात. शेतकरी भात पिकवतो ते उत्पादन. पुढल्या पावसात शेत पुन्हा पिकते. खनिज पिकत नाही. ते काढायला श्रम आणि यंत्रे लागतात हे खरे, पण आजीच्या पाटल्या सराफाकडे न्यायलाही रिक्षा लागतेच. म्हणून कोणी पाटल्यांचे उत्पादन केले असे म्हणत नाही.

आम्हां साहित्यवाल्यांचा अपराधही लहान नाही. ‘माय माती’, ‘डोंगराच्या जखमा’ यांवर आम्ही चर्चासत्रे भरवली, निबंध वाचले. भूमीला आई म्हटले की तिचा भाव विचारणे पाप ठरते. मग तो भाव दुसरेच कोणी ठरवतात आणि आम्ही विलाप करत राहतो. विलापाला अनुदान मिळते, हिशेबाला मिळत नाही (हे जाता जाता).

‘पोटाचे काय?’ हा आक्षेप आम्ही झटकणार नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी कर्जाने घेतलेले दोन ट्रक होते. २०१२ साली खनिजवाहतूक थांबली, २०१८ साली पुन्हा थांबली. दारात उभा ट्रक आणि बँकेचा हप्ता आम्ही पाहिला आहे. परंतु अडल्यावर घरातला दागिना विकणारा माणूससुद्धा आधी चार पेढ्यांवर भाव काढतो, आलेल्या पैशातले काही मुलांच्या नावे ठेवतो, आणि तो पैसा महिन्याच्या पगारात मिळवून ‘यंदा मिळकत वाढली’ असे शेजाऱ्यांना सांगत नाही. नॉर्वेने तेलाचा सरकारी पैसा कायम निधीत ठेवला आणि खर्चासाठी साधारणपणे अपेक्षित परताव्यापुरतेच काढण्याचा नियम केला. आपल्याकडे २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने विक्रीच्या रकमेतील १० टक्के कायम निधीत टाकावयास लावले, तेही न्यायालयाने बजावल्यावर. उरलेल्याचा हिशेब वारसांनी मागितला आहे काय?

डिसेंबर २०२२ पासून गोव्यातले खनिजपट्टे लिलावाने दिले जाऊ लागले. ‘लिलाव’ हा या व्यवहारातला पहिला प्रामाणिक शब्द. निदान काहीतरी विकले जात आहे एवढे तो कबूल करतो. मात्र घरचा लिलाव पुकारण्यापूर्वी भाऊबंदांच्या सह्या घेतात. इथे जनसुनावणी होते ती पर्यावरणाच्या परवानगीसाठी. विकायचे की ठेवायचे, हा प्रश्न तिथल्या विषयपत्रिकेवर नसतो.