पाठ आहे, पण वाचता येते का?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या. दुसरीच्या मुलांना आता जोडाक्षरे आणि हातच्याची बेरीज आहे. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस झाला; १९०० साली त्याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर लागले. २६ला संविधान दिन.

परिपाठात पोरे उद्देशिका घडाघडा म्हणतात, ऐकून आमचाही ऊर भरून येतो. (पाठांतराला आम्ही नावे ठेवत नाही, वंदना आपण ऐकूनच शिकलो.) पण छापील उद्देशिका पुढ्यात घ्या आणि मधल्याच 'स्वातंत्र्य' या शब्दावर बोट ठेवून विचारा, हे काय आहे? पुष्कळ पोरे तिथे अडतात. 'त्र्य'मध्ये तीन व्यंजने एकत्र, सोपे नाहीच ते. दुसरीत हे राहिले की चौथीत गणिताचे उदाहरणही वाचता येत नाही, आणि मग पोराला 'ढ' म्हणतात.

ज्या आईला स्वतःला अक्षरओळख नाही, तिलाही पोराचे बोट कुठे थांबते ते दिसते. तेवढ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि सोमवारी बाईंना दाखवा.