स्टेडियमचा हिशेब घरातून मांडू या

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. कोळगावला सिडकोने बांधलेलं जिल्हा मुख्यालय २०२१ पासून सुरू आहे. गाव मोठं व्हायला लागलं की मोठ्या स्टेडियमची मागणीही येतेच. सामने होतील, हॉटेलं चालतील, पोरांना कामं मिळतील! ऐकायला छान वाटतं. पण मैत्रिणींनो, घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या आपण जरा खोलात शिरू या.

स्टेडियमवर सरकारी पैसा घालून गावाच्या हाती काय लागतं, याचा अमेरिकेत अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षं अभ्यास केलाय. बहुतेकांचं म्हणणं एकच, खर्चाच्या मानाने कमाई फारशी वाढत नाही. कारण सोपं आहे. सामन्याला गेलेलं कुटुंब त्या महिन्यात सिनेमाला जात नाही. खिसा तोच राहतो. आणि मोठे सामने तरी वर्षाला किती? पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामने होतात, तरीही कर्ज थकलं म्हणून जानेवारी २०१८ मध्ये बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला होता.

मग मैदान नकोच का? मुळीच नाही!

शार्दूल ठाकूर आपल्या पालघरचा. बोईसरच्या शाळेकडून खेळला, सरावासाठी लोकलने मुंबई गाठायचा. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आता सांगा, चौदा वर्षांच्या मुलीला आपल्यापैकी किती जणी असं दुसऱ्याच्या घरी ठेवतील? रात्रीच्या लोकलने एकटीला येऊ देतील? म्हणजे आईने सोबत जायचं. बोरिवलीला जाण्यायेण्यातच तीनएक तास, वर मैदानाच्या कडेला बसून राहणं. त्या दिवशीचं शिवणकाम, डबे किंवा तारापूर एमआयडीसीतली पाळी बुडाली. वस्त्यांमधून काम करताना मी हेच पाहते. चार महिने ओढाताण होते, मग मुलीचा खेळ सुटतो. आपण म्हणतो, "तिलाच आवड नव्हती."

आईची ही बुडालेली मजुरी, मुलीची मोडलेली उमेद हाच माझ्या मते मैदानाचा खरा आर्थिक हिशेब. म्हणून पालघरला एक आणि बोईसरला एक, स्टेशनपासून चालत जाता येईल असं साधं मैदान हवं. धावायला ट्रॅक, कबड्डी-खोखोची जागा, पगारी महिला प्रशिक्षक. कँटीन बचत गटाकडे द्यावं, चार घरं चालतील. आणि बांधायच्या आधी वीजबिल, रखवालदार, साफसफाई यांची दरवर्षीची तरतूद करावी, नाहीतर दोन वर्षांत तिथे गवत माजेल.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा घराघरांत टाळ्या वाजल्या. आता आपल्या लेकी विचारणारच, आम्ही कुठे खेळायचं?

पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं आणि स्टेडियमचं आश्वासन दिलं, तर खुर्च्या किती हे नंतर विचारा. आधी विचारा, संध्याकाळी सातला दिवे लागतील का, आणि मुलींच्या बाथरूमला पाणी असेल का?