माफीच्या साक्षीदाराची कथा

आयर्लंडच्या ग्रामीण भागावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या कथा-कादंबऱ्या आपल्याकडे फारशा वाचल्या जात नाहीत. ज्या थोड्या वर्गांत वाचल्या जातात, तेथे त्या ‘धार्मिक तेढीचे साहित्य’ या एका शीर्षकाखाली बसवल्या जातात. कॅथलिक कुळे एका बाजूला, प्रॉटेस्टंट जमीनदार दुसऱ्या बाजूला, मध्ये द्वेष, आणि १८२९ साली कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाल्यावर प्रश्न सुटला, अशी ही सोयीस्कर मांडणी आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे त्या काळातील सर्वांत अस्वस्थ करणारी एक कथा आपण नीट वाचूच शकत नाही, असे आमचे मत आहे. ही कथा म्हणजे विल्यम कार्लटन यांची ‘वाइल्डगूज लॉज’.

कथेमागील घटना अशी. लाऊथ परगण्यात वाइल्डगूज लॉज नावाच्या घरात एडवर्ड लिंच हा शेतकरी राहत असे. एप्रिल १८१६ मध्ये काही माणसे रात्री शस्त्रे मिळवण्यासाठी त्याच्या घरात शिरली. लिंच आणि त्याचा जावई यांनी त्यांना ओळखले व न्यायालयात साक्ष दिली. त्या साक्षीवरून तिघांना फाशी झाली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री जमावाने त्या घराला वेढा घालून ते पेटवले. आत आठ जण होते, त्यांत एक तान्हे मूल. आठही जण जळून मेले. पुढील दोन वर्षांत या गुन्ह्यासाठी अठरा जणांना फासावर चढवले गेले. पॅट्रिक डेव्हन या गावच्या मास्तराला म्होरक्या ठरवून त्याचे प्रेत उघड्यावर टांगून ठेवण्यात आले. मारणारे कॅथलिक होते. मरणारेही कॅथलिक होते.

ही शेवटची दोन वाक्ये वर्गात सांगितली की विद्यार्थी गोंधळतात, कारण ‘धार्मिक तेढ’ या शीर्षकात ती बसत नाहीत. लिंच कुटुंबाचा अपराध त्यांचा धर्म नव्हता. त्यांनी साक्ष दिली हा होता. मग प्रश्न असा उभा राहतो की, चोरांविरुद्ध खरी साक्ष देणे हा शेजाऱ्यांच्या नजरेत एवढा मोठा अपराध का ठरावा? त्याचे उत्तर मात्र धर्माला वगळून देता येत नाही. या गाठीची दोन्ही टोके एकाच वेळी हातात धरावी लागतात.

त्या काळच्या आयर्लंडमध्ये सुमारे चार-पंचमांश लोक कॅथलिक होते; कायदा मात्र दुसऱ्यांचा होता. कॅथलिक कुळाला आपल्या धर्मगुरूचा निर्वाह तर करावा लागेच, शिवाय राजमान्य अँग्लिकन चर्चच्या पाद्र्याला पिकाचा दशमांश द्यावा लागे. त्यातही चराऊ कुरणे व्यवहारात या करातून सुटलेली होती, आणि मन्स्टर प्रांतात गरिबाच्या बटाट्याच्या तुकड्यावर मात्र तो बसे. म्हणजे शेकडो गुरे राखणारा मोकळा, आणि पोटापुरते बटाटे लावणारा कराच्या कचाट्यात. हा कर वसूल होणार कोणाच्या जोरावर? १७९६ साली उभारलेल्या यीओमनरी या सशस्त्र दलात, विशेषतः उत्तरेकडे, प्रॉटेस्टंटांचा व ऑरेंज संघटनेच्या लोकांचा भरणा होता. दिवसा जो शेजारी म्हणून बाजारात भेटे, तोच रात्री सरकारी बंदूक घेऊन झडतीला येई.

या निमलष्करी व्यवस्थेऐवजी काही नियमित यंत्रणा हवी, हे रॉबर्ट पील यांच्या ध्यानात आले. आयर्लंडचे मुख्य सचिव असताना त्यांनी १८१४ साली ‘शांतता संरक्षण दल’ उभे केले. लंडनच्या पोलीस दलाच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. ‘पीलर’ हे पोलिसांचे टोपणनाव येथलेच. या दलाची कार्यपद्धती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. एखादा भाग ‘अशांत’ म्हणून जाहीर झाला की पगारी मॅजिस्ट्रेट आणि त्याच्या हाताखालचे शिपाई तेथे पाठवले जात, आणि त्यांचा खर्च त्याच भागातील लोकांवर बसवला जाई. पुढे १८१७ मध्ये त्यातील काही भार सरकारने उचलण्याची तरतूद झाली. पण मूळ कल्पना शिक्षेचीच होती. १८२२ च्या कायद्याने परगणावार पोलीस आले, तरी शिपायांच्या नेमणुकीत स्थानिक मॅजिस्ट्रेटांचा, म्हणजे बहुतांशी जमीनदारांचा, हात राहिलाच. त्याच वर्षी बंडविरोधी कायदा पुन्हा लागू झाला. जाहीर केलेल्या भागात सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला ज्यूरीशिवाय सात वर्षे हद्दपार करता येत असे.

अशा व्यवस्थेत साक्षीदार हा केवळ सत्य सांगणारा उरत नाही. तो ‘त्यांचा’ माणूस ठरतो. कायदा गावाचा नसेल तर गाव आपला दुसरा कायदा उभा करते. त्याच्या शपथा, त्याचे न्यायनिवाडे आणि त्याच्या शिक्षा सरकारी कायद्याइतक्याच निर्दय असतात, कधी अधिकच. या दुसऱ्या कायद्याला रम्य रूप देण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. १८२१ ते १८२४ या काळात ‘कॅप्टन रॉक’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने मन्स्टरमध्ये जी चळवळ पेटली, तिची मुळे खंडात आणि दशमांशात होती हे खरे. पण १८२५ साली प्रॉटेस्टंट पंथाचा नाश होणार, हे ‘पास्तोरिनी’ या नावाने प्रसृत झालेले भाकीत तिच्यातल्या अनेकांच्या तोंडी होते, आणि लिमरिक भागातील जर्मन वंशाच्या प्रॉटेस्टंट वस्त्यांवर हल्ले झाले, हेही तितकेच खरे. द्वेष होता; तो कोणी कल्पनेने निर्माण केलेला नाही. त्याच वेळी जेम्स डॉइल यांच्यासारखे कॅथलिक बिशप या गुप्त मंडळ्यांचा निषेध करीत होते, ही बाजूही विसरता येत नाही. टॉमस मूर यांनी १८२४ साली ‘मेमॉयर्स ऑफ कॅप्टन रॉक’ या उपहासग्रंथात या बंडखोराच्या तोंडूनच आयर्लंडचा इतिहास वदवला. सरकारच्या धोरणानेच पिढ्यान्‌पिढ्या एकेक रॉक जन्माला घातला, हा त्यांचा युक्तिवाद आजही लक्षात घेण्याजोगा आहे.

आता कार्लटन यांच्याकडे वळू. ते १७९४ साली टायरोन परगण्यात एका कॅथलिक शेतकऱ्याच्या घरी जन्मले. यीओमनरीच्या रात्रीच्या झडतीचा अनुभव त्यांच्या घराने घेतला होता. तरुणपणी त्यांनी स्वतः रिबनमन या गुप्त मंडळीची शपथ घेतली होती, हे त्यांच्याच आत्मचरित्रात आहे. पुढे ते प्रॉटेस्टंट झाले. डब्लिनमध्ये सीझर ओटवे या कडव्या प्रचारक पाद्र्याने आपल्या नियतकालिकात १८२८ पासून त्यांचे लेखन छापले, आणि त्या नियतकालिकाचा हेतू कॅथलिक ‘अंधश्रद्धे’चे वाभाडे काढण्याचा होता. म्हणजे आपल्या लोकांविषयी आतून माहिती असलेला माणूस ती माहिती दुसऱ्या बाजूच्या दरबारात मांडत होता. न्यायालयाच्या भाषेत अशा माणसाला आपण काय म्हणतो, हे सांगायला नको.

‘वाइल्डगूज लॉज’ प्रथम १८३० साली प्रसिद्ध झाली ती ‘एका सुधारलेल्या रिबनमनचा कबुलीजबाब’ अशा अर्थाच्या शीर्षकाने. कथेचा निवेदक जाळपोळीत सामील असलेला एक तरुण आहे. हिवाळ्यातल्या वादळी रात्री त्याला बोलावणे येते. प्रार्थनामंदिरात माणसे जमतात, दारू फिरते, आणि कॅप्टन वेदीपाशी सर्वांकडून आधी शपथ घेववतो. काय करायचे आहे ते नंतर कळते. आग लागल्यावर खिडकीशी आलेल्यांना पुन्हा ज्वाळांत ढकलले जाते. निवेदक हे पाहतो, हादरतो, आणि काहीही करीत नाही. कार्लटन यांनी १८१७ साली लाऊथमधून जाताना डेव्हनचे टांगलेले प्रेत स्वतः पाहिले होते. पण जाळपोळीच्या रात्री ते तेथे नव्हते. तरीही त्यांनी ‘मी’ वापरला.

आमच्या मते या ‘मी’मध्ये कथेचे सारे बळ आणि सारा संशय एकवटला आहे. हा निवेदक म्हणजे माफीचा साक्षीदार आहे. गुन्ह्यात सहभागी असल्यामुळेच त्याला सर्व ठाऊक आहे, आणि बोलल्यामुळेच तो वाचला आहे. त्याला आपल्या भीतीची, अनिच्छेची, आतल्या कंपाची ग्वाही पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण त्याशिवाय ऐकणारा त्याला सोडणार नाही. आणि ऐकणारा कोण? डब्लिनचा वा लंडनचा सुशिक्षित वाचक. कथा त्याला नकळत मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसवते. दारू, वेदी, शपथ आणि आग एका ओळीत मांडली की निकाल त्याच्या मनात आपोआप तयार होतो. आधीचा खटला, तिघांची फाशी, जमिनीचे तंटे, पीलरांचा खर्च कोणाच्या माथी बसत होता, हे सारे एकतर ओझरते येते किंवा येतच नाही. कथा अखेरीस टांगलेल्या प्रेतांपाशी थांबते आणि न्यायालयाच्या निकालाला सत्य मानून चालते. प्रत्यक्षात त्या खटल्यांतील साक्षी कितपत विश्वासार्ह होत्या, याविषयी टेरेन्स डूली यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. फाशी गेलेल्यांत निरपराध माणसे असण्याचा संभव मोठा आहे. ज्यांच्या बोलण्यावर ते फासावर गेले, त्यांतल्या काहींना बोलून आपला जीव वाचवायचा होता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. कथेला अशी उलटतपासणी लावणे म्हणजे तिला दस्तऐवज समजणे नव्हे काय? साहित्यकृतीला साहित्यकृती म्हणून वाचावे. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ‘वाइल्डगूज लॉज’चे वाङ्मयीन सामर्थ्य तिच्या निवेदकाच्या अविश्वसनीयतेतच आहे. त्याचा थरकाप खरा वाटतो, आणि तरी त्याने हात का हलवला नाही हा प्रश्न तो टाळतो. ही टाळाटाळ न ऐकता केवळ ‘भयकथा’ म्हणून ती वाचणे हे तिला कमी लेखणे होय. जेरल्ड ग्रिफिन यांच्या १८२९ च्या ‘ट्रेसीज अँबिशन’ या कादंबरीशी तिची तुलना करून पाहावी. तेथेही निवेदक ‘मी’च आहे, पण तो दुसऱ्या बाजूचा. हा प्रॉटेस्टंट गृहस्थ, कॅथलिक पत्नीचा पती, डाल्टन या मॅजिस्ट्रेटच्या नादाने सरकारी पदाच्या मोहात पडतो आणि शेजाऱ्यांना पारखा होतो. कायद्याच्या बाजूने बोलणारा माणूसही आपल्या सोयीने बोलतो, हे ग्रिफिन दाखवतात. दोन्ही कबुलीजबाब शेजारी ठेवून वाचले तर ‘कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट’ या मांडणीपेक्षा अधिक काही हाती लागते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आयरिश पोलीस दलाचा नमुना चार्ल्स नेपियर यांनी १८४३ नंतर सिंधमध्ये आणला आणि तेथून त्याच धर्तीच्या सुधारणा १८५३ मध्ये मुंबई इलाख्यात आल्या. साहेबापुढे बसून गुन्ह्यांची कहाणी सांगणारा माफीचा साक्षीदार आपणही ओळखतो. निजामाच्या नोकरीत राहिलेल्या मेडोज टेलर यांच्या १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ मधील अमीर अली तसाच निवेदक आहे. दोन्ही कबुलीजबाब इंग्रजीत आहेत, आणि ते ज्यांच्याविषयी आहेत त्यांतले फार थोडे ते वाचू शकत होते, एवढे साम्य विचारात पाडायला पुरेसे आहे.

१८२९ च्या कायद्याने काय झाले? कॅथलिकांना पार्लमेंट खुले झाले. त्याच वेळी चाळीस शिलिंगांच्या पात्रतेवर मिळालेला मताधिकार दहा पौंडांवर नेऊन हजारो लहान कुळांचे मत काढून घेतले गेले. दशमांश चालूच राहिला. दोन वर्षांत, १८३१ मध्ये, त्याच्या वसुलीवरून पोलीस आणि शेतकरी समोरासमोर आले आणि दोन्हीकडची माणसे मेली. ज्याला हक्क मिळाला तो कॅथलिक वकील आणि ज्याच्या दारात पोलीस उभा होता तो कॅथलिक कूळ, यांना एकच धर्म होता. पण कायद्याशी दोघांचे नाते एक नव्हते.

म्हणून वर्गात ही कथा शिकवताना ‘या दोन धर्मांत तेढ का होती?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावे की, हा बोलतो आहे तो कोणासमोर, आणि बोलल्याबद्दल त्याला काय मिळणार आहे? लिंच यांनाही हा प्रश्न गावाने विचारला होता, आणि उत्तराची वाट न पाहता घर पेटवले होते. आपल्याला वाट पाहण्याची मुभा आहे. वाचन म्हणजे तेवढीच मुभा.