गहू बंद! मग ताटात काय?



घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला डॉक्टरांनी ‘गहू बंद’ सांगितला, की गृहिणीच्या पोटात गोळाच येतो. पोळी नाही, पाव नाही, वाढदिवसाला केकसुद्धा नाही. मग डब्यात द्यायचं तरी काय? पण जरा आपल्या फडताळाकडे बघा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, शिंगाडा, बेसन, सगळी बिनगव्हाचीच पिठं! पिठांची वाण नाही. कसोटी आहे ती चिमूटभर गहू बाहेर ठेवण्याची.

गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. पोळीच्या कणकेला ताण येतो तो त्याच्यामुळेच. सीलिअ‍ॅक हा विकार असलेल्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला ते इजा करतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मूल वाळतं, रक्त कमी होतं. गव्हाशी असलेला हा संबंध नेदरलँड्‌सच्या डॉ. विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. यावर उपाय एकच, जन्मभराचं पथ्य. मात्र शंका आली म्हणून आपल्याच मनाने गहू सोडू नका हं! आधी रक्ताची तपासणी, मग पथ्य. गहू आधीच सोडला, तर तपासणीत विकार दिसत नाही. आणि ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी फॅशन म्हणून पोळी सोडायचं कारण नाही.

आता भाकरी. बिनगव्हाच्या पिठाला ताण नसतो, म्हणून ती थापताना तुटते. त्यावर आपल्या आजीची युक्ती म्हणजे उकड. वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणा, वाटीभर तांदळाचं पीठ घालून झाकण ठेवा आणि कोमट असतानाच खूप मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लूटेनचं काम करतो. आम्हा आंबीकडच्या बायकांना तर मावळचा इंद्रायणी तांदूळ घरचाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेलं हे वाण मुळातच चिकट, त्यामुळे भाकरी मऊ राहते.

केकसाठी उकडीऐवजी इसबगोल घ्या.

साहित्य : १ वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी आरारूट, १ वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी पातळ केलेलं लोणी, पाऊण वाटी दूध, १ चहाचा चमचा इसबगोल, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, वेलची.

कृती : दही, साखर, लोणी फेटा. दूध आणि इसबगोल घालून पाच मिनिटं थांबा. पिठं आणि वेलचीपूड मिसळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे नाचणी कचकचत नाही. शेवटी बेकिंग पावडर आणि सोडा घालून हलकेच ढवळा. तूप लावलेल्या भांड्यात ओतून १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर चुरा होतो.

आता चोरवाटा बघा. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांत गहू पडतो. कुरडया गव्हाच्या, सातूचं पीठही वर्ज्य. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर तुमच्या ज्वारीत तो उतरणारच. म्हणून तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरीच मिक्सरवर काढा. चाळणी, पोळपाट, लाटणं आणि तवा वेगळा ठेवा. त्याला खूण करा. विकतच्या पुड्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं, तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. इतक्या बारीक हिशेबात पोळीचा एक घास कुठे बसणार?

आणि हाच घास सर्वांत अवघड, बरं का! हळदीकुंकवाला, लग्नात कोणीतरी मायेने म्हणतंच, “एवढ्याशाने काय होतंय?” होतं! लगेच दिसलं नाही, तरी आतड्याला इजा होतेच. सासूबाईंना, शेजारच्या काकूंना, शाळेतल्या बाईंना आधीच नीट समजावून सांगा. मुलालाही ‘नको, मला चालत नाही’ हे न लाजता म्हणायला शिकवा.

एक मात्र करा. त्या मुलाचं ताट वेगळं पाडू नका. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनाच भाकरी, आमटी, भात वाढा. तुमचंही काम निम्मं होईल आणि ते मूल पंक्तीत सगळ्यांसारखंच जेवेल.