मोबाईलचं सर्किट इथेच बनणार, पण धुतलेलं तांबं-शिसं कुठे जाणार?

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तुमच्या फोनमधला मल्टिलेयर पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, त्यात आहे. बातमी चांगलीच आहे. पण पीसीबी बनवताना नको असलेलं तांबं केमिकलने काढतात, निकेलचा थर चढवतात आणि मधेमधे बोर्ड पाण्याने धुतात. ते पाणी धातू घेऊनच बाहेर पडतं.

नियम आहेत. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 प्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे तांबं आणि निकेल प्रत्येकी 3 मिलिग्रॅम, तर शिसं फक्त 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मग तिथपर्यंत पोहोचायचं कसं?

जुनी पद्धत सोपी: चुना टाका, धातू गाळ होऊन खाली बसतो. स्वस्त आहे, पण गाळाचे ढीग होतात आणि थोडा धातू पाण्यात उरतोच.

त्यापुढची पायरी म्हणजे आयन एक्सचेंज. रेझिनचे बारीक मणी पाण्यातला धातू पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. घरच्या वॉटर सॉफ्टनरमध्ये हेच होतं. गडबड अशी की सांडपाण्यात शिशापेक्षा कॅल्शियम कितीतरी पट जास्त असतं. बसमधल्या बहुतेक सीट तेच अडवतं.

इथे हायब्रिड रेझिन कामाला येतं. मण्याच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे किंवा झिर्कोनियम फॉस्फेटचे नॅनोकण बसवतात. रेझिनवरचा विद्युतभार धातूचे आयन आत ओढतो, नॅनोकण शिशाला घट्ट धरून ठेवतात आणि कॅल्शियमला फारसा भाव देत नाहीत. नुसती नॅनोपावडर वापरली तर फिल्टर तुंबतो. मण्यात बसवल्यावर पाणी आरामात वाहतं.

हे फक्त लॅबमधलं नाही. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता यांनी याच कल्पनेवर आर्सेनिक काढणारं रेझिन तयार केलं आणि ते पश्चिम बंगालच्या गावांमध्ये विहिरीच्या पाण्यासाठी वापरलं गेलं. आर्सेनिकचे आयन सहसा ऋणभारित असतात, म्हणून तिथे धनभारित रेझिन लागतं. तत्त्व तेच.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा: धातू नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. मणी भरले की ते केमिकलने धुवावे लागतात आणि सगळा धातू थोड्याशा पाण्यात एकवटतो. त्यातलं तांबं परत मिळवता येतं. शिसं मात्र घातक कचरा म्हणूनच हाताळावं लागतं. ते रात्री गुपचूप नाल्यात सोडलं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात!

म्हणून तुमच्या जवळच्या एमआयडीसीत नवा कारखाना आला तर ‘प्लांट कोणता बसवला?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘मणी धुतल्यावर निघालेलं पाणी कुठे गेलं आणि त्याची नोंद कुठे आहे?’ हेही विचारा.