आमच्या समुद्राला ओहोटी नाही

शनिवारची रात्र. सगळ्या मैत्रिणी वाशीला पिक्चरला, आणि मी उलव्याच्या फ्लॅटमध्ये फरशीवर फतकल मारून एका टेस्ट ट्यूबकडे बघत बसलेली. पाणी पिवळं यायला हवं होतं, फार तर केशरी. आलं चक्क लालभडक! नायट्रेट ८० पीपीएम. कॉलेजात कुठल्याच पेपरला मला एवढे मार्क मिळाले नव्हते.

तर फ्रेंड्स, आजचा विषय रीफ टँक. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ आला, तेव्हापासून ‘आपल्याही घरात असा एक कोपरा हवा’ हा किडा डोक्यात वळवळणाऱ्या सगळ्यांसाठी. माझाही तोच किडा. पहिला बऱ्यापैकी चेक आला आणि तीन फुटी, दीडशे लिटरची टाकी हॉलमध्ये आली. आत दोन क्लाउनफिश, एक गोबी, चार गोगलगायी आणि हिरव्या-जांभळ्या झोआन्थिडचा एक गुच्छ. दगड सिरॅमिकचे. खरे दगडी प्रवाळ का नाहीत, असं विचारू नका. आपल्याकडे ते २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कोस्टल रोडच्या कामात आलेल्या १८ प्रवाळ वसाहती नोव्हेंबर २०२० मध्ये परवानग्या काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवल्या होत्या. मग मी कोण लागून गेले?

पहिलं वर्ष झकास गेलं. मग दगडांवर हिरवे केस उगवले. ओढून काढा, आठवड्यात परत हजर. झोआन्थिड मिटून बसले. टाकीचं पार डबकं झालं.

यामागचा फंडा सोपा आहे. मासे खातात, मासे घाण करतात. उरलेलं खाणंही कुजतं. त्यातून अमोनिया. बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया जहाल विषारी, नायट्रेट त्या मानाने सोज्वळ, पण ते साचत जातं. खाण्यातूनच फॉस्फेटही येतं. दोन्ही म्हणजे शेवाळाचं खत! खाडीत तरी वेगळं काय होतं? शहराचं सांडपाणी हेच खत घेऊन खाडीत उतरतं, त्यावर शेवाळ माजतं आणि ते खायला फ्लेमिंगो येतात. पण खाडीला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. माझ्या टाकीला नाही. तिची ओहोटी म्हणजे मी आणि माझी बादली.

मग बादली उचलली. दर रविवारी पाव टाकी, म्हणजे जवळजवळ चाळीस लिटर पाणी बदलायचं. गणित मात्र निराशाजनक. पाव पाणी बदललं की नायट्रेटही पावच उतरतं. ८० चे ६०, ६० चे ४५. आणि आठवडाभरात नवं तयार होतंच. त्यात इकडे टँकरचे दिवस आले की सोसायटीत चाळीस लिटर म्हणजे चोरीचा माल! नळाचं पाणी थेट चालत नाही, कारण त्यातच नायट्रेट-फॉस्फेट असू शकतं. म्हणून आरओ-डीआय फिल्टर, टीडीएस शून्य. त्याचं वाया जाणारं पाणी मी फरशी पुसायला वापरते. स्किमर मोठा घेतला. घाण कुजायच्या आधीच तो फेसासोबत बाहेर काढतो. फॉस्फेटसाठी लोहयुक्त दाणे पिशवीत घालून ठेवले. आकडा उतरला, पंधरा दिवसांत परत वर. दगडांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू पाण्यात परत येतं, हे तेव्हा कळलं.

मग कोणी तरी सुचवलं, व्होडका घाल. सिरियसली! अल्कोहोलमधल्या कार्बनवर बॅक्टेरिया वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट शोषतात, आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. हिशेब थेंबांचा. डोस चुकला तर बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि सकाळी मासे आडवे. बाटली काउंटरवर आली, तेव्हा बाबांनी चष्म्यावरून बघितलं. “माशांसाठी आहे,” मी म्हटलं. “सगळे असंच म्हणतात,” बाबा म्हणाले. बाटली परत कपाटात गेली.

बाबांचं सांगायचं राहिलंच. आई गेल्यावर मागच्या वर्षी ते खेडहून माझ्याकडे आले. एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर माणसांच्या गर्दीत. उलव्यात दिवसभर बंद दारं. मी कामासाठी फिरतीवर. एका दुपारी मीटिंग कॅन्सल झाली आणि मी बारालाच घरी पोचले. बाबा टाकीपुढे खुर्ची टाकून बसलेले. हातात फिश फूडचा डबा. क्लाउनफिश काचेला नाक लावून नाचतायत.

“बाबा, सकाळी मी घातलं होतं की.”

“अगं, भुकेले असतात. मी आलो की धावत येतात बघ.”

सकाळी, बाराला, चारला, आठला. म्हणजे ८० पीपीएम ते हे. हजारोंचा स्किमर घेतला, पण डबा कोण उघडतंय हे बघायला मी घरीच नव्हते.

सांगायचं कसं? पूर्ण घरात धावत येणारं त्यांच्याकडे तेवढंच होतं. दोन दिवस गप्प राहिले. मग एक वही आणली, टेस्ट किट त्यांच्यासमोर ठेवलं आणि शेवाळाचं सगळं गणित सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मीच जादा पॅसेंजर भरत होतो.”

मला रडू यायच्या बेतात होतं. त्यांनी वही ओढली आणि पट्टीने रेघा मारल्या. तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, पाणी किती बदललं, खाणं किती वेळा. अगदी वेबिलासारखं.

चार महिने झाले. नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८. झोआन्थिड उमलले. बाराच्या फीडिंगची वेळ आता खारकोपर स्टेशनच्या बाकावर जाते, तिथे त्यांना दोन रिटायर्ड दोस्त मिळालेत.

तुमच्याकडे टाकी असेल, तर बाबांच्या वहीतले नियम घ्या:

• दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. फ्रोझन असेल तर वितळवून, गाळणीत धुऊन.

• दर आठवड्याला टेस्ट. लिहून ठेवा, लक्षात ठेवू नका.

• नवीन पाणी टीडीएस शून्यचं. फिल्टरचा स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवा.

• घाई नको. फॉस्फेट झटक्यात उतरलं तर प्रवाळांना शॉक बसतो. आणि शून्य हे टार्गेट नाही, कारण त्यांनाही थोडं खत लागतं.

काल मला यायला उशीर झाला. मासे काचेपाशी नाचत होते. मी गुपचूप डबा उघडला, चिमूट उचलली, तोच बेडरूममधून आवाज आला, “गाडी फुल्ल आहे. मागची बघा!”