थट्टा हें तक्रारीचें उत्तर नव्हे

आमच्या लाखांदूर भागांत धानाची मळणी उरकली कीं दंडारी व नाटकें यांना ऊत येतो. झाडीपट्टीच्या या रंगभूमीचा आम्हांस अभिमान आहे. गेल्या हंगामांत एका नाटकांत असा प्रवेश पाहिला कीं, कंपनीच्या सांडपाण्याविरुद्ध अर्ज घेऊन आलेला शेतकरी मूर्ख, आळशी व पैशाचा लोभी. आणि त्याची फजिती करणारा व्यवस्थापक मोठा चतुर. मंडप हंसला. आम्हीही हंसलों. शेजारीं बसलेला नदीकांठचा एक ढिवर मात्र हंसला नाहीं, आणि घरीं परततांना त्याचें तें मौन आमच्या मनांतून जाईना.

विनोदाशीं आमचें वैर नाहीं. महसुली कचेरींत तीस वर्षें कारकुनी केली. विनोद नसता तर दप्तरांखालीं आम्ही केव्हांच गाडले गेलों असतों. आंदोलन करणारेही चुकतात, अतिशयोक्ति करितात. त्यांची थट्टा खुशाल व्हावी. प्रश्न इतकाच कीं, उत्तराच्या जागीं थट्टा बसवितां येते काय?

मुळशीचें उदाहरण घ्या. टाटा कंपनीच्या विजेसाठीं मुळा व निळा यांच्या संगमाजवळ धरण व्हावयाचें होतें, आणि त्यांत मावळांतील गांवें व भाताचीं खाचरें बुडावयाचीं होतीं. १९२१ च्या एप्रिलांत मावळे सत्याग्रहास बसले. पुढें सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. विजेनें मुंबईच्या गिरण्या चालतील, हें खरें. पण खाचर गेलेल्यानें काय खावें, हा प्रश्न त्यायोगें खोटा ठरत नाहीं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत संपादनासच हरकत घेऊन ती ऐकली जाण्याची तरतूद तेव्हां नव्हती. कलम ५-अ आलें तें १९२३ सालीं. गाऱ्हाण्यास कागदावर तरी जागा हवी, हें परक्या सरकारासही अखेर पटलें!

अलीकडचा दाखला दाभोळच्या वीज प्रकल्पाचा. त्याच्या विरोधकांस अनेकांनीं प्रगतीचे वैरी म्हटलें. ही वीज महाग पडेल, हा त्यांचा एक आक्षेप होता. २००१ सालीं राज्य वीज मंडळानें ती घेणें बंद केलें आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉन कंपनीचें दिवाळें वाजलें. हिणविण्यांत गेलेला वेळ हिशेब तपासण्यांत गेला असता तर राज्याचें हितच झालें असतें.

कचेरींत अर्जास आवक क्रमांक पडला कीं स्थळपाहणी, पंचनामा व जबाब हा क्रम ठरलेला. शेरा मारावयाचा तो सर्वांत शेवटीं. कंपन्यांनींही हाच क्रम पाळावा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानें प्रदूषण नियंत्रण मंडळास सांडपाण्याचे नमुने घेण्याचा अधिकार आहे. नमुना अर्जदारांसमक्ष घ्यावा आणि आंकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. तक्रार खोटी असेल तर आंकडेच तसें सांगतील.

नागपूरचें सांडपाणी नाग नदीनें कन्हानेंत व कन्हानेनें वैनगंगेंत येतें. आपण खालच्या अंगास राहणारे. पाण्याच्या तक्रारीवर हंसणें आपणांस परवडणारें नाहीं. आधीं पाणी तपासा, मग नाटक लावा. तेव्हां पुढच्या रांगेंत आम्ही येऊन बसूं, आणि तो ढिवरही हंसेल.